घरच्या गॅरेजमध्ये, बेताच्या पैशात पारंपरिक हॉट रॉड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिका-कॅनडात घराला गॅरेज असलेली मराठी मंडळी हे प्रश्न पुन्हापुन्हा पाठवतात. उत्तरं तिथल्या भंगारबाजाराच्या आणि मापांच्या हिशोबाने दिली आहेत, म्हणून इंच, मैल, पौंड तसेच ठेवले आहेत. पुणे-कोल्हापूरकडच्या वाचकांनी आधी प्रश्न १७ वाचावा. हिरमोड झालाच, तर लवकर झालेला बरा.

१. हॉट रॉड म्हणजे नक्की काय? आणि 'पारंपरिक' कशाला म्हणायचं?

१९४८ किंवा त्याआधीची अमेरिकी गाडी, बहुतेकदा फोर्ड, जिचं नको ते वजन काढून टाकलंय आणि जिच्यात मूळपेक्षा दमदार इंजिन बसवलंय, ती हॉट रॉड. हा नाद दक्षिण कॅलिफोर्नियात म्युरॉक, एल मिराज अशा कोरड्या तळ्यांवर वाढला. तिथल्या शर्यती चालवणारी एससीटीए ही संघटना १९३७ ची. 'पारंपरिक' म्हणजे साधारण १९६५ पर्यंत जे भाग आणि ज्या पद्धती हाताशी होत्या, तेवढ्यांतून उभी राहिल्यासारखी दिसणारी गाडी. डिजिटल मीटर आणि २० इंची चाकं आली की ती स्ट्रीट रॉड. गंज मिरवणारी ती रॅट रॉड.

गंमत अशी, की त्या काळी हा खेळ स्वस्त होता कारण सगळं भंगारातून यायचं. आज तेच भंगार पुराणवस्तूच्या भावाने विकलं जातं. म्हणून आमचं सूत्र असं: डोळ्यांना दिसतं ते जुनं घ्या, गाडीखाली लपतं ते ७० ते ९० च्या दशकांतल्या भंगारातून घ्या, आणि ब्रेक-स्टिअरिंगमधले झिजणारे भाग नवेच घ्या.

२. पहिल्यांदाच करतोय. कोणती गाडी घेऊ?

१९२८ ते १९३१ ची फोर्ड मॉडेल ए. जवळपास ४८ लाख बनल्या, त्यामुळे पत्र्यापासून दाराच्या मुठीपर्यंत सगळं आजही नवं बनवून मिळतं. १९३२ ची फोर्ड, म्हणजे 'ड्यूस', सगळ्यांनाच हवी असते आणि भाव तसाच असतो. मॉडेल ए मध्येही रोडस्टर (पक्कं छत नसलेली) आणि कूप (छोटी, बंद, दोन दारांची) महाग, दोन दारांची ट्यूडर सेडान मधली, चार दारांची फोरडोर सर्वांत स्वस्त. फोरडोरला लोक नाकं मुरडतात. तुम्ही मुरडू नका.

एका सापळ्यापासून मात्र सांभाळा. त्याच काळातली शेवरोले निम्म्या भावात दिसते आणि मोह होतो. १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत शेवरोलेच्या बॉडीत पत्र्याच्या आत लाकडाचा सांगाडा असायचा. तो कुजला असेल तर तुम्हाला वेल्डर नाही, सुतार लागेल.

३. खर्चाचा अंदाज कसा बांधू?

बॉडी, चासी, इंजिन, गिअरबॉक्स यांची बेरीज करून लोक थांबतात. ती बेरीज साधारण निम्म्या खर्चाची असते. उरलेला निम्मा टायर, रेडिएटर, काचा, वायरिंग, ब्रेकचे भाग, गादीकाम, रंग आणि नटबोल्टमध्ये जातो. नटबोल्ट हा शब्द हसण्यावारी नेऊ नका. ग्रेड ८ चे बोल्ट आणि लॉकनट यांचं बिल पाहून भलेभले गप्प होतात.

वाचवण्याची खरी जागा म्हणजे अर्धवट सोडलेले प्रकल्प. कुणाचं लग्न, कुणाची बदली, कुणाचा धीर सुटलेला. घेतलेल्या भागांच्या किमतीपेक्षा कमीत पूर्ण गाडी उचलता येते. स्वॅप मीट हा दुसरा मार्ग. कॅलिफोर्नियात पोमोना आणि पेनसिल्व्हेनियात ऑक्टोबरमध्ये हर्शी इथे मोठे बाजार भरतात. शेवटच्या दुपारी जा. जड ॲक्सल परत ट्रकवर चढवायचा कंटाळा विक्रेत्याला त्या वेळी सर्वांत जास्त असतो. क्रोम करून घेणं सोडा. ॲक्सल काळा रंगवला तरी पारंपरिकच दिसतो.

४. बॉडी स्वस्तात मिळतेय, पण टायटल नाही. घेऊ का?

टायटल म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद. तुमच्या राज्याच्या वाहन खात्याला आधी विचारा, पैसे नंतर द्या. मॉडेल ए चा क्रमांक इंजिनच्या डाव्या बाजूला कोरलेला असतो आणि तोच डाव्या चासी-पट्टीवर, बॉडीखाली झाकलेल्या जागी असतो. जुन्या टायटलवर बहुतेकदा हा इंजिनचाच क्रमांक असतो. म्हणजे इंजिन बदललं की कागदाशी जुळणारी एकमेव खूण चासीवर उरते. ती घासू नका, कापू नका, वर प्लेट वेल्ड करू नका.

चासी नवी असेल तर बहुतेक राज्यांत गाडी 'खास बांधलेली' या वर्गात जाते. कॅलिफोर्नियात अशा गाड्यांसाठी वर्षाला ५०० प्रमाणपत्रांचा कोटा आहे. ते मिळालं तर धुराची तपासणी बॉडी किंवा इंजिनच्या वर्षाप्रमाणे होते. चासी, इंजिन, गिअरबॉक्स, प्रत्येकाची पावती आणि कामाचे फोटो पहिल्या दिवसापासून जपा.

५. कामाचा क्रम काय ठेवायचा? आधी बॉडी रंगवून घेतली तर?

मग ती दोनदा रंगवाल. क्रम असा: चासी सरळ करणं, ॲक्सल, चाकं, इंजिन, गिअरबॉक्स बसवून बघणं, बॉडी आणि सीट ठेवून त्यात बसून बघणं, ब्रॅकेट नुसत्या टाक्यांवर जोडणं, सगळं जमल्यावर पक्कं वेल्डिंग, मग रंग न देता गाडी ४००-५०० मैल चालवणं, आणि शेवटी सगळं सुटं करून रंग. पेडलला पाय पोचतो का, स्टिअरिंग मांडीला लागतं का, हे कागदावर कळत नाही. सहा फुटी माणसाने तर बॉडी चासीच्या पट्ट्यांभोवती खाली बसवण्याआधी, म्हणजे चॅनल करण्याआधी, सीटच्या जागी दोन उशा ठेवून बसून बघावंच.

६. इंजिन कोणतं? फ्लॅटहेड की स्मॉल ब्लॉक शेवी?

स्वस्तातलं स्वस्त म्हणजे मॉडेल ए चं मूळ चार सिलिंडरचं, २०० घन इंचांचं, ४० अश्वशक्तीचं इंजिन. हलक्या रोडस्टरमध्ये ते मजा आणतं आणि मूळ गिअरबॉक्स, मूळ डिफरन्शियल सगळं चालतं.

फोर्डचा फ्लॅटहेड व्ही-८ (१९३२ ते १९५३; व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच, म्हणून वरचं हेड सपाट) दिसायला देखणा, पण खिशाला जड. ब्लॉकला व्हॉल्व्ह-सीट आणि सिलिंडर यांच्यामध्ये तडे जातात. ब्लॉक धुऊन मॅग्नाफ्लक्स तपासणी (चुंबकाने बारीक तडे शोधणारी) झाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. 'चालू होतं' या शब्दाला किंमत नाही. तडा गेलेलं इंजिनही चालू होतं.

पैशाचं गणित स्मॉल ब्लॉक शेवी, म्हणजे शेवरोलेची आटोपशीर व्ही-८, जिंकते. १९५५ मध्ये २६५ घन इंचांची आली, १९५७ मध्ये २८३, १९६२ मध्ये ३२७. भंगारात मिळते ती बहुधा ३५०, आणि जुन्या ३२७ पासून ती बाहेरून सहज ओळखू येत नाही. पण कोणतीही ३५० उचलू नका. १९८७ पासूनच्या हेडवर व्हॉल्व्ह कव्हरचे बोल्ट मधोमध आहेत, जुनी कव्हरं त्यावर बसत नाहीत. १९८६ पासून क्रँकचं मागचं सील एकसंध झालं, त्यामुळे जुना फ्लायव्हील चालत नाही. १९७० च्या दशकातली ३५० घेतलीत तर दोन्ही कटकटी टळतात. मॉडेल ए ची इंजिनाची जागा आखूड, म्हणून १९६८ पर्यंतच्या पद्धतीचा आखूड वॉटर पंप लावा आणि पुढच्या पुली त्याच काळच्या घ्या. पंप आखूड आणि पुली लांब पंपाच्या असल्या की पट्टा तिरका धावतो. डिस्ट्रिब्युटर इंजिनच्या मागे आहे, तेव्हा फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) खोबण करावी लागेल.

७. फ्लॅटहेड घेतलंच, आणि ते तापतंय. काय करू?

या इंजिनात धुराच्या वाटा ब्लॉकच्या आतून, पाण्यामधूनच बाहेर पडतात. त्यामुळे त्याला मुळातच जास्त उष्णता पाण्यात टाकावी लागते. पण 'फ्लॅटहेड तापतंच' हे अर्धसत्य. बहुतेक वेळा दोष ब्लॉकच्या पोटात साचलेल्या गंजाचा आणि ओतकामाच्या वाळूचा असतो. फ्रीझ प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं) काढून तारेने खरवडा. भांडंभर गाळ निघतो. त्यानंतर ठिणगीचं टायमिंग मागे पडलंय का बघा, दोन्ही बाजूंना थर्मोस्टॅट आहेत ना बघा, पंखा रेडिएटरच्या मध्यावर येतोय का बघा. जुन्या रेडिएटरवर आधुनिक १५ पौंडांचं झाकण लावू नका. डाग दिलेले सांधे उसवतात.

८. मूळ मॉडेल ए ची चासी व्ही-८ ला पुरते का?

तशीच्या तशी नाही. ती उघड्या सी-आकाराची, लवचिक पट्टी आहे. उघडी बाजू पत्र्याने बंद करून तिची पेटी करावी लागते. याला बॉक्सिंग म्हणतात. ३/१६ इंच जाडीचा पत्रा घ्या.

चासी चार घोड्यांवर (स्टँडवर) समपातळीत ठेवा. दोन्ही कर्ण मोजा. १/८ इंचापेक्षा जास्त फरक असेल तर आधी तो काढा. आडवे तात्पुरते आधार टाक्यांनी जोडा, मग बॉक्सिंगचे पत्रे टाक्यांवर बसवा. आता खरं वेल्डिंग: एका जागी इंचभर शिवण, मग दुसऱ्या पट्टीवर लांबच्या टोकाला इंचभर, मग परत. हात लावता येईल इतकं थंड झाल्याशिवाय शेजारी शिवण घालायची नाही. एका दमात सरळ ओढलेली शिवण दिसते छान आणि पट्टी केळ्यासारखी वाकवते. ते वाकणं नंतर काढणं फार अवघड जातं.

घरगुती ११० व्होल्टचं मिग (तार भरवत जाणारं) वेल्डिंग मशीन बॉडीच्या पत्र्याला उत्तम, पण ३/१६ इंचात ते वरवर चिकटवतं. कडा उतरत्या घासून २२० व्होल्टचं मशीन वापरा. वेल्डिंग नवं शिकत असाल तर टाके तुम्ही मारा आणि ॲक्सल, स्टिअरिंग, ब्रेक यांच्या ब्रॅकेटची पक्की शिवण पैसे देऊन जाणत्याकडून घ्या.

९. गाडी पुढून खाली कशी आणायची?

चासी न कापता दोन वाटा. ४ इंच 'ड्रॉप' असलेला, म्हणजे टोकांपेक्षा मधला भाग खाली असलेला, ॲक्सल लावला की गाडी तितकीच खाली येते आणि चाकाचे कोन तसेच राहतात. पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) मुख्य पानाचे डोळे उलटे केले की आणखी इंच-दीड इंच. पाट्याची पानं काढून खाली आणू नका; गाडी खाली येते, पण खड्ड्यात ॲक्सल चासीला आपटतो.

मूळ विशबोन (ॲक्सलला जागी धरणारी व्ही-आकाराची दांडी) दुभागून चासीच्या बाजूंना जोडणं ही जुनी, स्वस्त पद्धत. ती आय-आकाराच्या ॲक्सललाच लावा. एक चाक उचललं की असा ॲक्सल थोडा पिळला जातो आणि जुळवून घेतो. नळीचा ॲक्सल पिळत नाही, मग पीळ ब्रॅकेटवर येतो आणि एके दिवशी वेल्ड तुटतो. नळीच्या ॲक्सलला चार दांड्यांची जोडणी करा.

१०. ४५ मैलांवर स्टिअरिंग वेड्यासारखं हलायला लागतं. डॅम्पर लावू?

नको. डॅम्पर (हादरे शोषणारी नळी) रोग झाकतो. या क्रमाने तपासा: टायरचं बॅलन्स आणि हवा, किंगपिनचा, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचा, प्ले (चाक उचलून वरखाली हलवा), टाय रॉडची टोकं, टो-इन (पुढची चाकं पुढच्या कडेला किंचित आत वळलेली असणं) १/१६ ते १/८ इंच आहे का, आणि कॅस्टर. कॅस्टर म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असणं. सरळ ॲक्सलच्या गाडीला ५ ते ७ अंश हवेत. गाडी सर्व वजनासह जमिनीवर असताना कोनमापी लावून मोजा. मागची बाजू उंच टायरांनी उचलली की गाडी पुढे झुकते आणि कॅस्टर तेवढा कमी होतो. चासी टेबलावर असताना मोजलेले ७ अंश रस्त्यावर ४ निघतात ते यामुळे. पॅनहार्ड बार (ॲक्सल डावीउजवीकडे सरकू न देणारी आडवी दांडी) नसेल तर त्याचं उत्तर पुढच्या प्रश्नात आहे.

११. स्टिअरिंग बॉक्स कोणता?

दोन प्रकार चालतात. १९४८ ते १९५२ च्या फोर्ड एफ-१ ट्रकचा बॉक्स दिसायला जुना आणि मजबूत. त्याचा चाकाकडे जाणारा दांडा गाडीच्या बाजूने पुढे जातो. अशा वेळी दांड्याचं मागचं टोक विशबोनच्या सांध्याजवळ आणा, नाहीतर प्रत्येक उंचवट्यावर गाडी आपोआप वळते. दुसरा शेवरोले व्हेगाच्या पद्धतीचा, जो आडवा दांडा ढकलतो. आडव्या पाट्यावर ॲक्सल शॅकलमुळे (पाट्याच्या टोकाच्या झुलत्या कडीमुळे) डावीउजवीकडे सरकतो, म्हणून त्यासोबत पॅनहार्ड बार हवाच, तोही दांड्याला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा.

स्टिअरिंगचे आर्म कधीही वेल्ड करायचे नाहीत, तापवून वाकवायचे तर अजिबात नाहीत. प्रत्येक कॅसल नटला (खाचांच्या नटला) तो सुटू न देणारी कॉटर पिन. इथे जुगाड नाही.

१२. ब्रेक जुने चालतील का?

फोर्डने १९३९ मध्ये हायड्रॉलिक ब्रेक आणले. त्याआधीचे सळयांचे विसरा. १९३९ ते १९४८ चे ड्रम ब्रेक जुन्या फोर्ड स्पिंडलवर बसतात, नीट जुळवले तर हलक्या गाडीला पुरतात. 'नीट' म्हणजे काय, तर प्रत्येक चाकाला वर दोन कॅम आणि खाली दोन विकेंद्री पिना आहेत. लोक फक्त वरचे कॅम फिरवतात. खालच्या पिना जुळल्या नाहीत तर शूचा जेमतेम एक कोपरा टेकतो आणि गाडी एका बाजूला ओढते.

मास्टर सिलिंडर मात्र दोन कप्प्यांचाच घ्या. जुन्या एका कप्प्याच्या सिलिंडरची एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. १९६७ च्या मस्टँगच्या पद्धतीचा, १ इंच बोअरचा, ड्रम-ड्रम सिलिंडर स्वस्त आहे आणि फ्लोअरखाली लपतो. फ्लोअरखाली असल्यावर ब्रेक ऑइल चाकांकडून परत वाहून येतं, म्हणून ओळीत थोडा दाब राखणारा रेसिड्युअल व्हॉल्व्ह लागतो: ड्रमला १० पौंड, डिस्कला २. उलटे लावले तर डिस्क घासत राहते. पेडलचं गुणोत्तर ६ ला १ ठेवा. नळी ३/१६ इंच पोलादी, टोकं दुहेरी फ्लेअरची. तांब्याची नळी कंपनाने तडकते.

१३. गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल भंगारातून काय आणू?

शेवी एस-१० ट्रकचा पाच गिअरचा टी-५. त्याचा गिअर बदलायचा दांडा पुढच्या बाजूला निघतो, म्हणून मॉडेल ए च्या सीटमध्ये घुसत नाही. सांभाळून वापरा; तापट ३५० आणि रुंद टायर यांच्यापुढे तो टिकत नाही. मागे फोर्ड मॅव्हरिकचा ८ इंची डिफरन्शियल मॉडेल ए च्या रुंदीला जवळपास न कापता जुळतो. अडचण चाकांची: जुन्या फोर्डचे पाच बोल्ट ५½ इंची वर्तुळावर, मॅव्हरिकचे पाच ४½ इंचीवर. पुढची-मागची चाकं अदलाबदल होणार नाहीत, त्यामुळे एक स्टेपनी दोन्हीकडे चालणार नाही.

पिनियनचा (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या शाफ्टचा) कोन गाडी स्वतःच्या वजनावर बसल्यावर ठरवा. गिअरबॉक्सच्या शाफ्टची आणि पिनियनची रेषा समांतर हवी, एक अंशाच्या आत. हवेत लटकवून वेल्ड केलेल्या ब्रॅकेट रस्त्यावर गुणगुणतात.

१४. रेडियल टायर लावले तर 'पारंपरिक' राहणार नाही का?

उभे, अरुंद बायस-प्लाय (तिरप्या थरांचे, जुन्या पद्धतीचे) टायरच तो चेहरा देतात. ते रस्त्यावरच्या खाचांमागे धावतात, हे मान्य करून घ्या. पुढे रेडियल आणि मागे बायस अशी जोडी कधीही नको. गाडीचं शेपूट सुटतं.

१५. छत कापून बुटकं करायचंय. घरी जमेल?

मॉडेल ए वर जमण्यासारखं आहे, कारण खांब जवळपास उभे आहेत. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या गाड्यांचे खांब तिरके. तिथे कापलेलं छत खालच्या खांबांना जुळतच नाही. कूपला ३ इंच पुरे. कापण्याआधी दारं बंद करून आत आडवे-तिरपे आधार वेल्ड करा, नाहीतर दारं पुन्हा लागणार नाहीत. काचा सपाट असल्याने नेहमीच्या काचवाल्याकडून लॅमिनेटेड सेफ्टी काच कापून घेता येते. पुढच्या काचेवर एएस-१ ची खूण हवी.

१६. नुसता प्रायमर मारून फिरवू का? गंजावर लॅकर?

साधा प्रायमर सच्छिद्र असतो. पावसाचं पाणी आत जातं आणि वर्षभरात पत्रा खालून गंजतो. तोच मातकट चेहरा हवा असेल तर पत्रा घासून इपॉक्सी प्रायमर आणि वर मॅट काळा. गंजावर मारलेला क्लिअर लॅकर पापड सुटल्यासारखा सुटतो.

दोन जिवावरच्या गोष्टी. हार्डनर घालून मारायच्या रंगात आयसोसायनेट असतं. साधा मास्क पुरत नाही, बाहेरून हवा येणारा लागतो, नाहीतर रंग बाहेरून मारून घ्या. आणि क्लोरीनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागेवर कधीही वेल्डिंग करू नका. उष्णतेने फॉस्जिन हा विषारी वायू तयार होतो. साबणाच्या पाण्याने किंवा ॲसिटोनने पुसा, आणि पूर्ण वाळल्यावरच ठिणगी.

१७. हे सगळं महाराष्ट्रात करता येईल का? आजोबांची जुनी गाडी आहे.

रस्त्यावर चालवण्यासाठी नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या रचनेपासून गाडी वेगळी करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच ठामपणे सांगितलं. सीएनजीसारखा इंधनबदल किंवा अपंग व्यक्तीसाठीचा बदल परवानगीने होतो. छत कापणं, चासी बदलणं त्यात बसत नाही.

उलट गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असेल तर ती मोडू नकाच. २०२१ च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नवी नोंदणी २०,००० रुपये, १० वर्षांसाठी. नूतनीकरण ५,००० रुपये. पाटीवर 'व्हीए' ही अक्षरं. अट हीच, की चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. रोजच्या वापराला आणि धंद्याला ती चालवता येत नाही. प्रश्न ७ मधली ब्लॉकची सफाई, प्रश्न १२ मधली ड्रम ब्रेक जुळवण्याची तत्त्वं आणि प्रश्न १६ मधले धोके या मूळ रूपातल्या गाडीलाही तसेच लागू आहेत. प्रश्न ८, ९ आणि १५ मात्र तिच्याजवळ नेऊ नका.